तीन चुका आणि बंद खाते

'खाते लॉक झाले आहे' हे वाक्य आता मराठी माणसाला भाषांतर करून सांगावे लागत नाही. बँकेच्या खिडकीपाशी, शाळेच्या कार्यालयात, तहसील कचेरीच्या आवारातील सेवा केंद्रात, परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात ते रोज ऐकू येते. परवलीचा शब्द किंवा पिन लागोपाठ तीनदा, फार तर पाचदा चुकली की यंत्र दार लावून घेते आणि मग ते उघडण्यासाठी अर्ज, ओळखपत्रे आणि हेलपाटे यांचा क्रम सुरू होतो. ही व्यवस्था सुरक्षिततेसाठी आहे, तेव्हा तिच्याविषयी तक्रार करणे हे अडाणीपणाचे लक्षण होय, अशी एक समजूत रूढ झाली आहे. परंतु कितीदा चुकू द्यायचे, किती वेळ दार बंद ठेवायचे आणि ते कोणी, कोणत्या पुराव्यावर उघडायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणीतरी माणसाने संगणकात भरून ठेवलेली असतात. ती ठरविताना कोणाचा तोटा हिशेबात धरला आणि कोणाचा धरला नाही, हा मूलतः अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याची जाहीर चर्चा होणे अगत्याचे आहे.

कुलूप हवेच

प्रथम हे मान्य केले पाहिजे की चुकांना मर्यादा असलीच पाहिजे. पैसे देणाऱ्या यंत्रासाठी सांकेतिक क्रमांक वापरण्याच्या कल्पनेचे पेटंट स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनी १९६६ मध्ये नोंदविले. पुढच्याच वर्षी, २७ जून १९६७ रोजी, लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेचे रोख रक्कम देणारे यंत्र सुरू झाले. आपल्याकडे मुंबईत असे यंत्र १९८७ मध्ये आले. या साऱ्या व्यवस्थेचा आधार चार आकडे हा आहे आणि चार आकड्यांत शून्यापासून ९९९९ पर्यंत एकंदर दहा हजारच क्रमांक बसतात. एखादा माणूस दर दहा सेकंदांस एक क्रमांक दाबून पाहू लागला, तर सुमारे अठ्ठावीस तासांत सारे क्रमांक संपतील. संगणकाला तर त्यासाठी निमिषमात्र पुरे. उलट तीनच संधी दिल्या, तर आंधळेपणाने अंदाज करणाऱ्याच्या यशाची शक्यता दहा हजारांत तीन एवढीच उरते. छोट्या क्रमांकाचे संरक्षण होते ते या मर्यादेमुळे. मर्यादा काढून टाकली तर चार आकड्यांच्या पिनला काडीची किंमत राहणार नाही.

हे गणित मात्र एका गृहीतावर उभे आहे. सर्व खातेदार आपले क्रमांक यदृच्छेने निवडतात, असे ते गृहीत होय. माणसे असे करीत नाहीत. ती जन्मवर्ष निवडतात, लग्नाची तारीख निवडतात, नाही तर सरळ १२३४ लिहून मोकळी होतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, चोरलेल्या पाकिटात जन्मतारखेचा कागदही सापडतो हे लक्षात घेता, हुशार चोराला दर अकरा ते अठरा पाकिटांमागे एक कार्ड वापरता येईल. अकरा आणि अठरा यांतील अंतर कशावर अवलंबून, तर बँक १२३४ सारखे सोपे क्रमांक नाकारते की नाही, यावर. म्हणजे खातेदाराच्या हातून चूक होताच त्याला बाहेर काढणारी जी बँक त्याला सोपा क्रमांक मात्र खुशाल घेऊ देते, तिने कुलूप बसविले आहे, पण किल्ली उंबऱ्यावरच ठेवली आहे.

तीन हा आकडा कोठून आला?

चार आकड्यांच्या पिनसाठी तीन संधी हा नियम समजण्यासारखा आहे. परंतु हाच तीनचा आकडा पुढे परवलीच्या शब्दांनाही चिकटला. येथे गणित अगदी वेगळे आहे. केवळ लहान इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी यादृच्छिक शब्द घेतला, तरी त्याचे २०,८८२ कोटींहून अधिक प्रकार होतात. अशा शब्दासाठी तीनऐवजी दहा किंवा शंभर संधी दिल्याने चोराच्या पदरात काहीच पडत नाही. प्रामाणिक माणसाचा जाच मात्र पुष्कळ कमी होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एका खात्यावरील लागोपाठच्या चुकीच्या प्रयत्नांची कमाल मर्यादा शंभर ठेवली, ती याच विचाराने. कार्डाची माहिती हाताळणाऱ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या खात्यांसाठी जागतिक कार्ड-उद्योगाने जे मानक केले आहे, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ही मर्यादा सहावरून दहावर नेण्यात आली आणि खाते निदान तीस मिनिटे, अथवा ओळख पटेपर्यंत, बंद ठेवावे असे सांगण्यात आले. लंडनमधील संशोधकांनी तर २००३ मध्येच दाखवून दिले होते की तीनऐवजी दहा संधी दिल्यास परवलीचा शब्द बदलून मागणाऱ्यांची संख्या लक्षणीय प्रमाणात घटू शकते.

तात्पर्य, तीन या आकड्याला परंपरेपलीकडे फारसा आधार नाही. चिरंतन सत्य म्हणून तो सर्वत्र लागू करणे म्हणजे तिजोरीचे कुलूप स्वयंपाकघराच्या फडताळाला लावण्यासारखे आहे.

दोन प्रकारच्या चुका

कोणत्याही पारखण्याच्या व्यवस्थेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. चोराला मालक समजून आत घेणे ही एक, आणि मालकाला चोर समजून बाहेर काढणे ही दुसरी. एक कमी करू जाता दुसरी वाढते, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. म्हणून या दोहोंचा समतोल कोठे साधायचा, हे प्रत्येक चुकीची किंमत किती आणि ती कोण मोजतो यावर ठरायला हवे.

येथेच खरी मेख आहे. पहिल्या चुकीची नोंद होते. चोरी झाली की गुन्हा दाखल होतो, वर्तमानपत्रात बातमी येते, अधिकाऱ्याला स्पष्टीकरण द्यावे लागते. दुसऱ्या चुकीची नोंद कोठेच होत नाही. श्रीवर्धनच्या एखाद्या खेड्यातून खाते उघडून घेण्यासाठी तालुक्याला आलेल्या वृद्धाचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' हे ऐकून मोडलेला दुसरा दिवस, यांपैकी एकही रक्कम बँकेच्या ताळेबंदात दिसत नाही. अर्थशास्त्रात आपण जिला बाह्य परिणाम म्हणतो, तशीच ही गोष्ट आहे. कारखान्याचा धूर जसा शेजाऱ्याच्या छातीत जातो, तसा या कुलपाचा खर्च खातेदाराच्या खिशातून जातो. ज्याने मर्यादा ठरवायची त्याला जर एकाच चुकीचा जाब द्यावा लागत असेल, तर तो मर्यादा कडक करीत जाणार, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

रायगडच्या किनाऱ्यावर हा खर्च मुंबईपेक्षा अधिक का पडतो, तेही पाहिले पाहिजे. बंद खाते उघडण्याची आजची सर्वसाधारण रीत म्हणजे नोंदविलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. पण अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातील अनेक घरांचा कर्ता मुंबईला किंवा नवी मुंबईला नोकरीस असतो. खाते गावातील आईचे, पण नोंदविलेला क्रमांक चाकरमानी मुलाचा, अशी स्थिती सर्रास आढळते. मासेमारीसाठी होडी चार-सहा दिवस समुद्रात असते. किनारा सुटला की मोबाइलचे जाळेही सुटते. मिठागरात, रेतीत आणि जाळ्याच्या दोरांवर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत, ही तक्रार शिधावाटप दुकानापासून बँक मित्राच्या यंत्रापर्यंत सर्वत्र आहे. ज्याचा अंगठा उमटत नाही त्याच्याही वाट्याला अखेर 'प्रयत्न अयशस्वी' हाच शेरा येतो. त्याने काहीही विसरलेले नसते; तो केवळ कष्ट करून जगलेला असतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील कित्येक गावे पुढे काही आठवडे विजेविना राहिली, मोबाइलचे मनोरे कोसळले किंवा मुके झाले. घरावरचे छप्पर उडालेल्या माणसाला ज्या आठवड्यात स्वतःच्या पैशांची सर्वाधिक गरज होती, त्याच आठवड्यात ओटीपीवर उघडणारे प्रत्येक दार त्याच्यासाठी बंद होते. सुरक्षिततेची कोणतीही योजना आखताना शहरातील अखंड विजेचे आणि अखंड जाळ्याचे चित्र डोळ्यांपुढे असते. किनाऱ्यावर त्या चित्राचा भरवसा धरता येत नाही, हा धडा निसर्गने दिला होता. तो बँकांच्या आणि शासकीय संगणक-विभागांच्या नियमावल्यांत उतरला पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हाही हीच अडचण मोठ्या प्रमाणावर पुढे आली. स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. ज्या स्त्रिया विधवा होत्या, ज्यांचे पती सोडून गेले होते, त्यांनी तो आणावा कोठून? शासनाला मुदत वाढवावी लागली. दार उघडण्याची रीत ठरविणाऱ्याने दारापुढे कोण कोण उभे राहणार आहे याचा विचार केला नाही, म्हणजे असे होते.

कुलूपच शस्त्र होते तेव्हा

कडक मर्यादेचा आणखी एक दोष आहे. कोणाचे खाते बंद पाडायचे असेल तर त्याचा परवलीचा शब्द माहीत असण्याची गरजच उरत नाही. त्याचे वापरकर्ता-नाव माहीत असले की पुरे. ते लिहून मुद्दाम तीनदा चूक केली की खरा मालक बाहेर. निविदा भरण्याच्या शेवटच्या तासात प्रतिस्पर्ध्याचे, प्रवेश-अर्जाच्या शेवटच्या दिवशी सहविद्यार्थ्याचे खाते अशा रीतीने अडविता येते. नोव्हेंबर २००८ मध्ये जगभर पसरू लागलेल्या कॉन्फिकर या संगणकी किड्याने नेमके हे करून दाखविले. तो कार्यालयाच्या जाळ्यात शिरून परवलीच्या शब्दांचे अंदाज करीत सुटे आणि त्यामुळे कर्मचाऱ्यांची खाती धडाधड बंद पडत. खाती अकारण लॉक होणे हे त्या किड्याच्या लागणीचे एक लक्षणच मायक्रोसॉफ्टने सांगितले होते.

उलट, सराईत चोर या मर्यादेला सहज वळसा घालतो. तो एका खात्यावर हजार शब्द वापरून पाहत नाही. एकच प्रचलित शब्द हजार खात्यांवर वापरून पाहतो. प्रत्येक खात्यावर चूक एकच होते, कोणतेही कुलूप पडत नाही, आणि हजारांत दहा-वीस जणांनी तोच सोपा शब्द ठेवलेला असतो. खातेनिहाय चुका मोजणाऱ्या यंत्रणेला ही चाल दिसतच नाही. ती दिसण्यासाठी एकाच ठिकाणाहून एकंदर किती चुका होत आहेत, हे मोजावे लागते.

आपल्या जिल्ह्याला हिरकणीची आख्यायिका नवी नाही. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे उघडायचे नाहीत या नियमामुळे तान्ह्या मुलाची आई गडावर अडकली आणि अखेर कडा उतरून घरी गेली. आख्यायिकेतील महत्त्वाचा भाग पुढचा आहे. महाराजांनी तिला नियमभंगाबद्दल शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि ती जेथून उतरली त्या कड्यावर बुरूज बांधला. दरवाजावरचा पहारा प्रामाणिक स्त्रीला अडवीत होता आणि शत्रूला उपयोगी पडणारी वाट मात्र मोकळी होती, हे ध्यानात घेऊन तटबंदी सुधारण्यात आली. आपल्या संगणकीय दरवाजांचे राखणदार मात्र हिरकणीलाच दोष देतात आणि कड्याकडे पाहत नाहीत.

किल्ली खरी असते तेव्हा

कड्याकडे पाहायचे तर दूर जावयास नको. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या संगणकी हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले आणि उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या उद्योगसमूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात असल्याचे सांगितले. या हल्ल्यात परवलीच्या शब्दांचे अंदाज करण्याची पाळीच फारशी आली नाही. एका संगणकाच्या स्मृतीत पडून असलेली खरी ओळखपत्रे उचलायची आणि त्यांच्या बळावर पुढच्या संगणकात शिरायचे, हा त्याचा एक मार्ग होता; जुन्या प्रणालीतील उणीव हा दुसरा. तीन चुकांची मर्यादा येथे निरुपयोगी होती, कारण चूक झालीच नव्हती.

११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे निघाले, कारण व्यवहारास मान्यता देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली यंत्रणा बसविली होती. पहारेकरीच बदलला, मग दरवाजाचा नियम काय करणार? २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आलेले शालार्थ क्रमांकांचे प्रकरण शिक्षकवर्गाच्या चांगलेच स्मरणात असेल. नियमबाह्य रीतीने शालार्थ क्रमांक निर्माण करून वेतन उचलले गेल्याचा आरोप त्यात आहे आणि अधिकाऱ्यांच्या लॉगिनचा गैरवापर हा चौकशीचा एक विषय झाला. आणि पेणच्या अर्बन बँकेचे २०१० मधील प्रकरण तर आपल्या उंबऱ्यावरचेच. तेथे बोगस कर्जखाती उघडली गेली ती आतून. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांच्यापैकी कोणाचीही पिन कोणी ओळखली नव्हती.

या चारही प्रकरणांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. मोठी हानी करणारा बहुधा खरी किल्ली घेऊन येतो: ती चोरलेली असते, फसवून घेतलेली असते, किंवा त्याला आपणच दिलेली असते. आज सामान्य माणसाची होणारी फसवणूकही याच जातीची आहे. बँकेचा अधिकारी म्हणून फोन करणारा भामटा ओटीपी आपल्याच तोंडून वदवून घेतो आणि पहिल्याच प्रयत्नात आत शिरतो. तीन चुका करणारा माणूस हा बहुतेक वेळा विसराळू मालकच असतो.

नियम आणि जबाबदारी

रिझर्व्ह बँकेने या प्रश्नाकडे अगदीच दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल देयकांच्या सुरक्षिततेविषयी काढलेल्या निर्देशांत तिने तीन बंधने एकत्र घातली होती. अयशस्वी प्रयत्नांची कमाल संख्या ठरवावी, बंद झालेली सेवा पुन्हा सुरू करण्याची सुरक्षित पद्धत ठेवावी, आणि अशा प्रयत्नांची सूचना ग्राहकाला द्यावी. संख्या किती असावी हे मात्र बँकांवर सोपविले होते. प्रत्यक्षात पहिले बंधन काटेकोरपणे पाळले जाते, कारण ते संगणकात एक आकडा भरून पाळता येते. दुसऱ्यासाठी माणसे, वेळ आणि शाखा लागतात. तेथे हात आखडतो. शिवाय त्या निर्देशांच्या कक्षेत सहकारी बँका नव्हत्या, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तर सामान्य माणसाचा संबंध सहकारी बँकेशी आणि पतपेढीशीच अधिक येतो.

जबाबदारीच्या बाबतीत ६ जुलै २०१७ चे परिपत्रक महत्त्वाचे ठरले. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना अन्यत्र झालेल्या उणिवेमुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस पडू नये, असे त्यात घालून दिले होते. डिसेंबर २०१७ मध्ये हीच तरतूद सहकारी बँकांनाही लागू करण्यात आली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या परिपत्रकाच्या आधारे एका बँकेला ७६ लाखांहून अधिक रक्कम ग्राहकाला परत करण्यास सांगितले.

केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये या विषयाला अर्थशास्त्राची बैठक दिली. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहाराचा भार बँकेवर पडे, ब्रिटनमध्ये तो दीर्घकाळ ग्राहकावर ढकलला जाई. तर्काने पाहता ब्रिटिश बँका अधिक सुरक्षित असायला हव्या होत्या; घडले उलटेच. तोटा आपला नाही असे ठाऊक असलेल्या बँका गाफील राहिल्या आणि फसवणूक वाढली. सुरक्षितता तेव्हाच सुधारते, जेव्हा ती सुधारण्याची शक्ती ज्याच्या हाती आहे त्याच्याच खिशाला तोशीस लागते. चोरीच्या बाबतीत २०१७ च्या परिपत्रकाने आपल्याकडे हे तत्त्व काही अंशी आणले. मालकाला बाहेर काढण्याच्या चुकीला मात्र ते अद्याप लागू व्हायचे आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, दार एकदम बंद करण्याऐवजी ते उघडण्यास हळूहळू विलंब लावावा. तिसऱ्या चुकीनंतर एक मिनिट, पाचवीनंतर पंधरा मिनिटे, दहावीनंतर एक तास, असा चढता क्रम ठेवला तर अंदाज करणारे यंत्र तेवढेच निकामी होते आणि माणूस मात्र त्याच दिवशी आत येऊ शकतो. तोच चुकीचा शब्द पुन्हापुन्हा लिहिणारा माणूस अंदाज करीत नसतो, आठवत असतो. त्या चुका एकच धराव्यात. किती संधी उरल्या हे त्याला मराठीत स्पष्ट सांगावे. चार आकडी पिनला अर्थात इतकी सूट देता येणार नाही. तेथे मर्यादा लहानच हवी, पण जन्मवर्ष आणि १२३४ सारखे क्रमांक मुळातच नाकारले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, दार उघडण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी मोबाइलवर अवलंबून नसावी. शाखेत, टपाल कार्यालयात किंवा बँक मित्राकडे ओळख पटवून त्याच दिवशी खाते सुरू व्हावे. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यात ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम कागदी ओळखपत्रावर मिळण्याची तरतूद आधीच लिहून ठेवावी.

तिसरी गोष्ट, कुलपाची किल्ली मालकाच्याही हाती द्यावी. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्ड चालू-बंद करण्याची आणि व्यवहाराची मर्यादा ठरविण्याची सोय ग्राहकाला देण्यास बँकांना सांगितले. आधारवरील बोटांचे ठसे स्वतः कुलूपबंद करण्याची सोय आहे. ज्याला आठवड्यात दोन हजारच लागतात त्याने मर्यादा दोन हजारांवर ठेवावी. मग चोर आत आला तरी त्याच्या हाती फारसे लागणार नाही. या सोयींचा प्रसार होत नाही, ही खंत आहे.

चौथी गोष्ट कार्यालयांसाठी. मुख्याध्यापकाचा परवलीचा शब्द लिपिकाला, लिपिकाचा सेवा केंद्रवाल्याला, आणि तिघांचाही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, ही आपली प्रचलित पद्धत आहे. ती केवळ आळसाने आलेली नाही. एकाच अधिकाऱ्याच्या नावे खाते आणि काम मात्र चौघांचे, अशी रचना असली की शब्द वाटला जाणारच. प्रत्येक काम करणाऱ्याला त्याच्या अधिकारापुरते स्वतंत्र लॉगिन देणे हाच त्यावरील उपाय. तसे झाले तरच कोणत्या हाताने काय केले हे कळेल, आणि निर्दोष लिपिकाची मान सुटेल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. दार उघडणे सोपे केले तर भामटा शब्दाचा अंदाज करण्याऐवजी थेट 'शब्द विसरलो' या खिडकीत येईल. दुसऱ्याच्या नावे सिमकार्ड मिळवून ओटीपी आपल्याकडे वळविण्याचे गुन्हे घडतात, ते याच खिडकीतून. हा आक्षेप खरा आहे; पण तो मोबाइलवरच्या एकमेव वाटेविरुद्ध अधिक जोराने लागू पडतो. समोरासमोर ओळख पटवून खाते उघडावे, उघडल्यावर पहिले एक-दोन दिवस मोठी रक्कम काढू देऊ नये, आणि खाते उघडल्याची सूचना जुन्या क्रमांकावर तसेच पत्त्यावरही जावी. अशा रीतीने गरजू माणसाला त्याच दिवशी बाजारहाटापुरते पैसे मिळतात आणि भामट्याला घबाड मिळत नाही. यास खर्च येईल हे उघड आहे. परंतु तो खर्च आजही होतोच आहे. केवळ तो खातेदाराकडून एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत वसूल होतो.

मागणी कोणी करायची?

या सर्व सुधारणांच्या आधी एक साधी गोष्ट हवी, ती म्हणजे मोजदाद. कोणत्या शाखेत दरमहा किती खाती बंद पडली, त्यांपैकी किती खऱ्या मालकांची निघाली, आणि ती उघडायला सरासरी किती दिवस लागले, हे तीन आकडे प्रत्येक बँकेने, पतपेढीने आणि शासकीय संकेतस्थळ चालविणाऱ्या विभागाने प्रसिद्ध करावेत. संगणकात ही माहिती आपोआप साठत असते. ती काढण्यास वेगळे कष्ट नाहीत. जे मोजले जात नाही त्याची लाज वाटत नाही, आणि ज्याची लाज वाटत नाही ते सुधारत नाही.

आपल्या वाचकांपैकी शिक्षक आणि कारकून मंडळी कोणत्या ना कोणत्या पतपेढीचे किंवा सहकारी बँकेचे सभासद असतात. सभासद हा मालक असतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ही त्याची हक्काची जागा आहे. लाभांश किती आणि भेटवस्तू कोणती, एवढ्यावरच तेथील चर्चा बहुधा संपते. येत्या सभेत एखाद्या सभासदाने उभे राहून वरील तीन आकडे विचारावेत, आपली संस्था सोपे क्रमांक नाकारते का आणि वादळात जाळे बंद पडले तर खाते कसे उघडेल, हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावा.